गाय आजारी दिसत नाही, चारा-पाणी तेच, तरी दूध का घटतंय?

आधी सुप्त कासदाह आहे का बघा. यात कास सुजत नाही, दुधात गाठी येत नाहीत, पण दुधातल्या सोमॅटिक पेशी (मुख्यतः जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात आणि दूध गुपचूप कमी होतं. छोट्या गोठ्यांवरच्या अभ्यासांत उघड दगडीपेक्षा (लक्षणं दिसणाऱ्या कासदाहापेक्षा) हाच प्रकार जास्त सापडतो.

तो ओळखायची सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) चाचणी गोठ्यातच होते. पहिल्या धारा सोडून द्या, चारही सडांचं दूध पॅडलच्या (चार वाट्यांच्या ट्रेच्या) वेगवेगळ्या वाट्यांत घ्या, तेवढंच चाचणीचं द्रावण घालून हलकेच फिरवा. जेलीसारखं घट्ट झालं तर तो सड बाधित समजा. मग डॉक्टरांना दाखवा. मनानेच अँटिबायोटिक नको.

धार काढल्यावर सडाचं तोंड निदान अर्धा तास उघडं असतं. तेव्हा जनावर खाली बसलं तर जंतू आत शिरतात. म्हणून लगेच वैरण टाका, जनावर उभं राहतं. बिनपैशाचा उपाय, पण करतात फार थोडे.