जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं चिकटलंय, कळ्या गळताहेत. घरगुती उपाय आहे का?

हा पिठ्या ढेकूण. माझ्या गच्चीतल्या लाल जास्वंदीवर जवळजवळ दर उन्हाळ्यात येतो.

आधी खोडाकडे नीट बघा, मुंग्यांची रांग आहे का? बहुतेक असेलच. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषून गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या तो खातात. म्हणून त्या याची राखण करतात, याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात, पिल्लंसुद्धा उचलून दुसऱ्या फांदीवर नेतात. मुंग्या तशाच ठेवून मी दोन वर्षं नुसतं फवारत राहिले. आठवड्याभरात पांढरं परत यायचं. आता कुंडी विटेवर आणि वीट पाण्याच्या परातीत ठेवते. फांदी भिंतीला किंवा ग्रीलला टेकली असेल तर मुंग्यांना तोच पूल होतो, तेवढी छाटा. परातीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

फार भरलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. उरलेल्या झाडावर, विशेषतः पानांच्या मागे, नळीने जोरात पाणी मारा. बेचक्यांत जुना टूथब्रश फिरवा. निम्मी कीड इथेच जाते.

मग निंबोळी अर्क. जून-जुलैत कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करायच्या, गर धुऊन बिया सावलीत वाळवायच्या. 50 ग्रॅम बियांची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. त्यात 2 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. साबणाशिवाय अर्क त्या मेणचट पांढऱ्या थरावरून ओघळून जातो. अर्क त्याच दिवशी संपवा आणि संध्याकाळीच फवारा, कारण उन्हात त्यातलं ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, लवकर निकामी होतं. कापसातली अंडी यातून वाचतात, म्हणून सात-आठ दिवसांनी पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा.

कपड्यांची पावडर मात्र वापरू नका. एप्रिलच्या दुपारी मी ती जरा दाट करून मारली आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. कुठलंही मिश्रण आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा.

आणि एक, कृपा करून लक्षात ठेवा. पांढऱ्या किड्यांत एखादा बराच मोठा, अंगावर मेणाच्या झिपऱ्या असलेला, चांगला भराभर चालणारा दिसला तर चिरडू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असू शकते. दिसते पिठ्या ढेकणासारखीच, पण खाते त्यालाच. द्राक्षबागायतदार हा भुंगेरा बागेत मुद्दाम सोडतात. ती दिसली की मी त्या कुंडीवरची फवारणी बंद करते, फक्त मुंग्या अडवून धरते.