खगोलशास्त्रावरची प्रश्नमंजुषा रंगावी आणि लोकांनी काही शिकूनही जावं, यासाठी प्रश्न कसे काढावेत?

तुम्ही लिहिलंय की गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला, डिसेंबरात, दीड तासाची खगोलशास्त्राची प्रश्नमंजुषा घ्यायची आहे. समोर पाचवी-सहावीतली मुलंही असतील आणि आजी-आजोबाही. प्रश्न कुठून आणायचे, आणि लोक मध्येच उठून जाऊ नयेत म्हणून काय करायचं, हा तुमचा प्रश्न. मी गेली पंधरा-सोळा वर्षं शाळांत, गणेश मंडळांत आणि आकाशदर्शनाच्या शिबिरांत हेच करतोय. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक कळकळीची विनंती. इंटरनेटवरून ‘खगोलशास्त्राचे १०० प्रश्न’ असली यादी उतरवून घेऊ नका. गुरूचा व्यास किती, शनीला चंद्र किती, हे ज्याला पाठ असतं तो हात वर करतो आणि बाकीचे दोनशे लोक त्याच्याकडे बघत बसतात. शिवाय असले आकडे शिळे होतात. मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळाली आणि एकूण संख्या २७४ वर गेली. जुन्या यादीतलं उत्तर वाचून तुम्ही एखाद्या मुलाला चूक ठरवाल, आणि ते पोरगं बरोबर असेल.

प्रश्न असा हवा की उत्तर माहीत नसलेला माणूसही विचार करून तिथपर्यंत पोचेल. त्यासाठी लागणारा कच्चा माल आपल्या लोकांच्या घरात आधीपासून पडलेला असतो. तो उचलायचा.

उदाहरण देतो. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ बघत नाही असं घर आपल्याकडे विरळाच. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या सुमाराला उगवतो, मग विनायकी चतुर्थीला तो किती वाजता उगवतो? पर्याय चार: संध्याकाळी सात, रात्री नऊ, मध्यरात्री, सकाळी नऊ. जवळजवळ सगळे संध्याकाळी सात म्हणतात, कारण त्या दिवशी चंद्रकोर दिसते ती संध्याकाळीच. मग मी विचारतो, ‘कुठल्या दिशेला दिसते?’ सगळे म्हणतात, पश्चिमेला. ‘पश्चिमेला कुणी उगवतं का?’ इथे सभागृहात एकदम कुजबूज सुरू होते. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो, नंतर रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. तीन-चार दिवसांत तो उशीर तीन तासांवर जातो, म्हणजे चतुर्थीचा चंद्र सकाळी नऊच्या सुमाराला उगवतो आणि आपण संध्याकाळी बघतो तो मावळतीला निघालेला असतो. हाच हिशेब पौर्णिमेपासून लावला की संकष्टीचे रात्रीचे नऊ येतात. एकदा पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, ‘अगंबाई, म्हणजे दिवसभर तो आपल्या डोक्यावरून जातो आणि आपल्याला पत्ताच नाही!’ आयुष्यभर संकष्टी केलेल्या बाईंच्या तोंडून हे ऐकलं आणि पहिला प्रश्न कधीच बदलायचा नाही हे मी ठरवून टाकलं.

तसाच मृगाचा प्रश्न. ७ जूनच्या सुमाराला ‘मृग लागला’ की रात्री आकाशात मृग नक्षत्र कुठे दिसेल? पूर्वेला, डोक्यावर, पश्चिमेला, की कुठेच नाही? शहरात लोक पूर्वेला म्हणतात. एका खेड्यात मात्र मागे उभे असलेले एक शेतकरी काका पर्याय वाचून व्हायच्या आतच म्हणाले, ‘मिरगात मिरीग दिसतच नाय सर, सूर्याबरोबर जातोय ना तो. आखाडात पहाटं उठलं की उगवतीला दिसतो.’ मी माइक त्यांच्याच हातात दिला. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात गेला, आणि सूर्य जिथे असेल ते नक्षत्र दिवसा आकाशात असतं, हे त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगितलं. तुमच्या प्रेक्षकांतही असा एखादा माणूस नक्की असेल. त्याला बोलता करा.

तुमचा कार्यक्रम डिसेंबरात आहे, तर दिवस मोठा व्हायला कधी सुरुवात होते हेही विचारा. बहुतेक जण संक्रांत सांगतील. खरं म्हणजे २१-२२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस आणि तिथूनच दिवस वाढू लागतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्या डोलण्याचं एक आवर्तन सुमारे २६,००० वर्षांचं. त्यामुळे एकेकाळी याच दिवसाशी जुळणारी संक्रांत साधारण ७० वर्षांत एक दिवस या गतीने पुढे सरकत आली आहे.

साडेसातीचा प्रश्न मी मुद्दाम घेतो. कुणी ना कुणी तो विषय काढतोच, मग तो आपणच नीट काढलेला बरा. प्रश्न असा: साडेसाती साडेसात वर्षांचीच का? शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत अंदाजे अडीच वर्षं. तीन राशी झाल्या की साडेसात. निव्वळ भागाकार आहे. कुणाच्या श्रद्धेची टिंगल न करता मी एवढंच सांगतो की हा शनीच्या चालीचा हिशेब आहे आणि तो आपल्या पूर्वजांनी नुसत्या डोळ्यांनी, वर्षानुवर्षं बघून मांडला. मग दुर्बिणीतून घेतलेला शनीचा फोटो पडद्यावर दाखवतो. ती कडी बघताना सभागृह कसं शांत होतं, ते तुम्हालाही अनुभवायला मिळेल.

आता पर्यायांबद्दल, कारण निम्मी मेहनत तिथे असते. चुकीचा पर्याय उगाच भरायला टाकायचा नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे लोकांच्या मनात खरोखर असलेली एखादी समजूत हवी. ‘पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात असते?’ यात मे हा पर्याय हवाच, कारण ऊन म्हणजे जवळीक असं बहुतेकांना वाटतं. उत्तर जानेवारी. जानेवारीच्या सुरुवातीला अंतर १४.७ कोटी किलोमीटर असतं, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. हे सांगितलं की एखादं पोर ओरडतंच, ‘मग थंडी का वाजते?’ या क्षणासाठीच तो प्रश्न घातलेला असतो. दिवे मालवायचे आणि बॅटरीचा झोत भिंतीवर आधी सरळ, मग तिरका पाडायचा. सरळ झोताचं वर्तुळ लहान आणि लख्ख, तिरक्या झोताचा डाग लांबट आणि फिका. प्रकाश तेवढाच, पसरला जास्त जागेवर. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे हिवाळ्यात आपल्यावर ऊन तिरकं पडतं आणि दिवसही लहान असतो. दीड मिनिटात ऋतू समजतात.

एक प्रश्न तरी हातांनी सोडवायचा ठेवा. मी पिशवीत एक मोसंबं आणि एक सुपारी घेऊन जातो. मोसंबं सात सेंटिमीटरचं, ती पृथ्वी. सुपारी दोन सेंटिमीटरची, तो चंद्र. दोन मुलांना पुढे बोलवायचं आणि सांगायचं, या मापाने चंद्र जिथे असायला हवा तिथे उभे राहा. मुलं वीतभर अंतरावर उभी राहतात. प्रेक्षक ‘अजून मागे, अजून मागे’ म्हणायला लागतात आणि तरी चार फुटांवर थांबतात. खरं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांएवढं, म्हणजे इथे दोन मीटरहून थोडं जास्त, जवळजवळ सात फूट. पुस्तकातल्या चित्रात चंद्र पृथ्वीच्या शेजारी काढलेला असतो, कारण पानावर जागा नसते. तो समज इथे कायमचा जातो.

आणि प्रत्येक उत्तर तपासा. हे मी ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी मी प्रश्न घातला होता: हेलियमचा शोध महाराष्ट्रातल्या कोणत्या किल्ल्यावरून लागला? उत्तर विजयदुर्ग. तिथून ग्रहण बघताना इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर यांनी तो लावला, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं, किल्ल्यावरचे ओटेही दाखवले जातात. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त प्राध्यापिका जवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘लॉकयर त्या वर्षी भारतात होते का, हे बघितलंत का?’ घरी येऊन मी वाचत बसलो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गच्या भागातून गेला, हे खरं. पण या शोधात लॉकयर यांच्याबरोबर ज्यांचं नाव घेतलं जातं ते जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ त्या दिवशी आंध्रात गुंटूरला निरीक्षण करत होते आणि नॉर्मन लॉकयर इंग्लंडमध्येच होते. लॉकयर यांनी दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. त्यातली पिवळी रेघ सोडियमची नाही, हे त्यांनी ओळखलं; तीच हेलियमची रेघ. ते भारतात ग्रहण बघायला आले ते १८७१ मध्ये, केरळातल्या बेकलला. पृथ्वीवर हेलियम रॅम्से यांच्या हाती लागला तो १८९५ मध्ये.

पुढच्या वर्षी त्याच मंचावरून मी माझी चूक सांगितली आणि तोच प्रश्न दुरुस्त करून परत विचारला. लोकांना ती हकिकत मूळ उत्तरापेक्षा जास्त आवडली. तेव्हापासून दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळल्याशिवाय मी प्रश्न यादीत घेत नाही. यानांची माहिती इस्रो किंवा नासाकडून, ग्रह-उपग्रहांच्या व्याख्या आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेकडून. व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही थेट घेऊ नका. त्याची वेगळी फेरीच करा. आमच्याकडे तिचं नाव ‘खरं की फॉरवर्ड’. ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा निरोप २००३ नंतर वर्षानुवर्षं फिरतोय. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखर खूप जवळ आला होता, सुमारे ५.६ कोटी किलोमीटरवर, पण तेव्हाही तो चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाएवढाच दिसत होता. दिवाळीच्या रात्रीचा अवकाशातून काढलेला भारताचा रंगीत फोटोही असाच. तो अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून बनवलेला नकाशा आहे. ही फेरी मुलं आणि मोठे दोघंही ओरडून ओरडून खेळतात.

आपल्या मातीतले दोन-तीन प्रश्न असू द्या. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर ज्वालामुखीने झालं की अशनीने? नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्यांतून डोळा लावून काय दिसतं? काहीच नाही, कारण ती रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण आहे. त्याला जोडूनच विचारा, रेडिओ दुर्बिणीजवळ मोबाइल बंद का ठेवायला सांगतात? कारण दूरच्या दीर्घिकेकडून येणाऱ्या क्षीण लहरींपुढे खिशातला मोबाइल म्हणजे कानाशी लावलेला लाउडस्पीकर.

मांडणीचं थोडक्यात सांगतो. मंचावर चार स्पर्धक आणि बझर असा थाट करू नका, सगळ्या सभागृहाला खेळू द्या. घोटीव कागदाचे चार रंगांचे तुकडे प्रत्येक संघाला द्यायचे, एकेका पर्यायाला एकेक रंग. ‘तीन’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करायचे. मोबाइलवरचे खेळ गावात रेंज गेली की अडतात, कागद अडत नाही. संघ वयाने मिश्र करा, एका संघात एक आजी किंवा आजोबा आणि एक शाळकरी मूल हवंच. संकष्टीचा प्रश्न आजी सोडवते आणि चंद्रयानाचा नातू. प्रश्न सोळाच्या वर नकोत. उत्तर सांगून झाल्यावरची दोन-तीन मिनिटंच महत्त्वाची असतात, त्यांना जागा ठेवा. चुकलेल्याचे गुण कापू नका, नाहीतर लोक कागद वरच करत नाहीत.

शेवटचे दोन प्रश्न मैदानात, दिवे बंद करून घ्या. तुम्ही डिसेंबर निवडलात हे फार चांगलं झालं. नऊच्या सुमाराला कृत्तिकांचा पुंजका बराच वर असतो, मृग पूर्वेला चढलेला असतो आणि त्याच्या पोटातल्या बाणाची रेघ खाली वाढवली की नुकताच उगवलेला व्याध सापडतो. पहिला प्रश्न: आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा दाखवा. निम्मे लोक उत्तरेला ध्रुव शोधायला लागतील, कारण ध्रुवच सर्वांत तेजस्वी अशी सगळ्यांची समजूत असते. व्याध दाखवा, मग ध्रुवाकडे वळा. दुसरा प्रश्न: ध्रुव क्षितिजापासून किती मुठी वर आहे? हात ताठ पुढे केला की एक मूठ साधारण दहा अंशांची होते. ध्रुवाची उंची म्हणजेच तुमच्या गावचा अक्षांश, आणि महाराष्ट्रात तो सोळा ते बावीस अंशांच्या दरम्यान, म्हणजे दोन मुठींच्या आसपास. तेव्हा गावचा अक्षांश आधी काढून ठेवा. आदल्या रात्री मैदानात जाऊन उत्तरेला झाड किंवा पाण्याची टाकी आड येत नाही ना ते बघून या, आणि रस्त्यावरचा दिवा अर्धा तास बंद ठेवायला ग्रामपंचायतीला आठवडाभर आधी सांगा.