लेस, आरी आणि जुने काठ : वाचकांचे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की इंदूरच्या शीतलामाता बाजारात लेस-गोट्याच्या (गोटा म्हणजे सोनेरी-चंदेरी पट्टी) दुकानांपुढे उभं राहायला जागा नसते, आणि आमच्याकडे शिवणकामाची पत्रं वाढतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच जणींना उपयोगी पडतील असे पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सुती कुर्त्याच्या घेराला आणि बाह्यांना दीड इंची सुती लेस लावली. शिवल्यावर छान दिसत होती, पण पहिल्याच धुण्यात घेराला चुण्या पडल्या. इस्त्रीनेही जात नाहीत. चूक लेसची की शिवण्याची? (सुदामानगर, इंदूर)

आधी चुण्या कुठे आहेत ते नीट बघा. कापडाला चुण्या असतील आणि लेस ताठ दिसत असेल, तर लेस आटली आहे. उलट लेसच लाटांसारखी वरखाली होत असेल, तर कापड आटलंय. तुमच्या वर्णनावरून पहिलाच प्रकार दिसतो. सुती लेस, विशेषतः करोशासारखी विणीची, पहिल्या पाण्यात मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर सहज आटते. विणताना ताणलेला दोरा पाण्यात सैल होतो आणि आपल्या जागी परत येतो, म्हणून. पॉलिएस्टरची लेस जवळजवळ आटत नाही. त्यामुळे सुती कापडावर ती लावायची असेल, तर आधी कापड भिजवून घ्यावं लागतं.

उपाय एकच, लेस उसवायची. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवी वाळवा. किंचित ओलसर असतानाच उलट बाजूने इस्त्री करा. नवी लेस आणली की दोन टाचण्यांनी एक मीटरच्या खुणा करून भिजवा आणि वाळल्यावर पुन्हा मोजा, म्हणजे किती जास्त आणायची ते कळतं. मोजायचा कंटाळा असेल, तर सुती लेस मापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या. रंगीत असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फडक्याला रंग लागला, तर ती फिक्या कापडावर लावूच नका.

शिवण्यातली चूकही बहुधा यात मिसळलेली असते. लेस हातात ताणून धरत टीप मारायची सवय अनेकांना असते. ताणलेली लेस सुटली की कापड आवळते, मग ती आटलेली असो वा नसो. लेस कापडावर सैल ठेवून दर दोन इंचांवर टाचणी लावा, धावदोरा घाला आणि मगच मशिनवर घ्या. जॉर्जेट किंवा शिफॉन असेल, तर खाली बटरपेपरची पट्टी ठेवून ९ किंवा ११ नंबरच्या सुईने टीप मारा, टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा ठेवा, आणि शिवून झाल्यावर पट्टी हळूच फाडून काढा. मशिनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा मागे राहतो. कागदामुळे तो फरक कमी होतो.

प्रश्न : अंब्रेला घागरा शिवते आहे. कंबर २८ इंच, उंची ३८ इंच. खालच्या घेराला चार इंची गोटा-लेस लावायची आहे. किती लागेल? (लोकमान्यनगर, इंदूर)

अंब्रेला म्हणजे पूर्ण गोल घेर. त्याचा हिशेब असा. कंबरेच्या मापाला ६.२८ ने भागा, साधारण साडेचार इंच त्रिज्या येते. त्यात उंची मिळवली की साडेबेचाळीस. याला पुन्हा ६.२८ ने गुणलं की खालचा घेर २६७ इंच, म्हणजे पावणेसात मीटरच्या किंचित वर. जोड आणि दुमडीसाठी धरून सात मीटर घ्या. बऱ्याच लेसांचं थान नऊ मीटरचं असतं. ते घेतलं, तर उरलेली लेस ओढणीच्या दोन पदरांना कामी येईल. थान मात्र दुकानातच मोजून घ्या.

पण चार इंची लेसवर आम्ही तुम्हाला अडवू. गोल घेरात लेसची खालची कड २६७ इंचांवर बसते, आणि चार इंच वरची कड २४२ इंचांवर. म्हणजे वरच्या कडेला पंचवीस इंच लेस जास्त होते आणि तिच्या ठळक चुण्या पडतात. गोटा लवचिक नसल्याने त्या दाबूनही बसत नाहीत. इतकी रुंद लेस कळ्यांच्या (वर निमुळते, खाली रुंद तुकडे जोडलेल्या) घागऱ्याला चालते, कारण तिथे प्रत्येक कळीच्या शिवणीवर जास्तीची लेस छोट्या चुणीत दडवता येते. अंब्रेलाला एक इंचापर्यंतची लेस घ्या आणि दोन-तीन ओळी लावा. प्रत्येक ओळ तीन इंच वर गेली की एकोणीस इंच लेस कमी लागते. काही लेसांच्या वरच्या कडेत ओढायचा दोरा असतो. तो ओढून लेस वळणावर बसवता येते. तशी मिळाली, तर दोन इंचांपर्यंत जा.

आणि एक पायरी वगळू नका. घागरा कापून कंबर शिवली की लेस लावण्याआधी तो एक दिवस-रात्र टांगून ठेवा. गोल कापडात काही भाग उभ्या धाग्यात, काही तिरक्या धाग्यात येतो, आणि तिरका भाग स्वतःच्या वजनानेच लोंबतो. कधी इंच, तर कधी त्याहून जास्त. मग कोणाला तरी पट्टी घेऊन जमिनीपासून सगळीकडे सारखी उंची खुणवायला सांगा, जास्तीचं कापा आणि मगच लेस लावा. ज्यांचा घेर लेस लावल्यावर वेडावाकडा होतो, त्यांची बहुधा हीच पायरी राहिलेली असते.

प्रश्न : सासूबाईंची माहेश्वरी साडी मधोमध विरली आहे, काठ मात्र उत्तम आहेत. ते काढून मुलीच्या कुर्त्याला लावता येतील का? काठांतली जर (जरीची तार) काळसर पडली आहे, ती चिंचेने घासू का? (देवास)

चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. आंबटाने वरचा मुलामा जातो आणि शेजारच्या रेशमावर डाग पडतात. आधी जर कसली आहे ते पाहा. पदराच्या आतल्या टोकाचा एक सुटा धागा घेऊन सुईच्या टोकाने खरवडा. आतून पांढरा चकाकता धातू दिसला, तर चांदीची. तांबूस दिसला, तर तांब्यावर मुलामा दिलेली, जिला बाजारात टेस्टेड म्हणतात. धागा ज्योतीजवळ नेल्यावर वितळून गाठ झाली, तर प्लॅस्टिकची. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते आणि तो काळपटपणा जुन्या काठाला वाईट दिसत नाही. मळ असेल, तर ड्रायक्लीनिंग करून घ्या आणि चमक आणण्याचा नाद सोडा.

आता काठ. साडी उजेडासमोर धरा. घड्यांच्या रेषेवर रेशीम तुटलेलं दिसलं, तर तेवढा तुकडा वगळा. कापताना काठाबरोबर अंगाच्या कापडाचा अर्धा इंच ठेवा, काठाला लागून कात्री चालवू नका. मग जुनी, पुष्कळदा धुतलेली मलमल काठाच्या मागे ठेवून दोन्ही कडांना बारीक धावदोरा घाला. जुनं रेशीम शिवणीचा ताण सोसत नाही, तो मलमल सोसते. कुर्त्याचं नवं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या प्रश्नातला गोंधळ इथेही होईल.

लावायचं कुठे? सरळ जागी : बाहीचं टोक, चाकाची (कुर्त्याच्या बाजूच्या उघड्या चिरेची) कड, समोरची पट्टी, ओढणी. गोल गळ्याला हा काठ लावू नका. विणलेल्या काठाचे धागे सरळ असतात, वळवले की आतल्या बाजूला फुगतात. चाकाच्या कोपऱ्यावर काठ न कापता पंचेचाळीस अंशांत दुमडा आणि दुमड हाताने टाचा. माहेश्वरीचे काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतील असे विणलेले असतात. म्हणून ओढणीच शिवायची असेल, तर मलमल टाळा, काठ ओढणीच्या कडेवर पाव इंच चढवा आणि दोन्हीकडून हाताने तुरपा. यासाठी काठ मजबूत हवा. आमचं मत विचाराल, तर त्या काठाची ओढणीच करा.

प्रश्न : आरी वर्कच्या ब्लाऊजचे मोती दोन वेळा घातल्यावर ओळीने गळाले, आणि बाह्या घट्ट झाल्या. (वाचिका, इंदूर)

आरी म्हणजे आकडीच्या सुईने केलेलं भरतकाम, त्याचा टाका साखळीचा असतो. दोरा एका जागी तुटला आणि टोक पक्कं नसलं, तर पुढची ओळ आपोआप उसवत जाते. कारागिराला सांगा, दर दोन-तीन इंचांवर मागच्या बाजूला गाठ घ्या. शिवाय मशिनची सुई मण्यावर आदळली की मणी फुटतो आणि दोराही तुटतो. म्हणून बगल, खांदा आणि बाहीच्या शिवणीपासून अर्धा इंच आत भरतकाम थांबलं पाहिजे. डार्टची (आकारासाठी घातलेल्या चिमटीची) जागाही मोकळी ठेवायची.

बाह्या घट्ट होण्याचं कारण क्रमात आहे. दाट भरतकाम कापड आत ओढतं, अर्धा इंच सहज. त्यामुळे कापड आधी कापायचं नसतं. टेलरने अखंड कापडावर समोर, पाठ आणि बाह्यांची रेषा आखून द्यावी, चहूबाजूंनी दीड-दोन इंच सोडावेत, मग ते कारागिराच्या खाटेवर (भरतकामाच्या चौकटीवर) ताणलं जावं, आणि काम उतरल्यावर पुन्हा माप घेऊन कापावं. आता झालेल्या ब्लाऊजला बगलेत कळी (जोडतुकडा) घालून जागा करता येईल. मोत्यांच्या तुटलेल्या टोकांना आजच मागून गाठी मारा, गोंद लावू नका. तो पुढच्या बाजूला उमटतो. असा ब्लाऊज हँगरला टांगू नका, मलमलमध्ये आडवा ठेवा.

प्रश्न : टिकल्यांच्या लेसला इस्त्री कशी करायची? (महू)

घडी घातलेल्या टॉवेलवर ती उलटी ठेवा, वर सुती फडकं टाका आणि इस्त्री सिंथेटिकच्या खुणेवर ठेवून नुसती दाबा, घासू नका. गरम इस्त्री लागली की प्लॅस्टिकच्या टिकल्या मुरडतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. ड्रायक्लीनिंगला देताना दुकानदाराला टिकल्या आणि मणी मुद्दाम दाखवा, कारण काही प्लॅस्टिकचे मणी धुलाईच्या रसायनात विरघळतात. दुकानात ‘जीपीओ’ नावाने मिळणारी, मागे जाळी नसलेली जाड लेस मात्र इस्त्रीला निर्धास्त आहे, पण ती सुती असेल तरच. तिचं भरतकाम एका कापडावर करतात आणि नंतर ते कापडच विरघळवून टाकतात, म्हणून उरतं ते नुसतं दोऱ्यांचं. पॉलिएस्टरची असेल, तर तिलाही वरचाच नियम.