पगाराचं काम बाहेरच्या एजन्सीकडे गेल्यापासून दर महिन्याला गोंधळ होतो. एजन्सी बदलायला सांगावं का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. बिनपगारी लागलेल्या दोन दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात परत आले, त्याच्या पुढच्या महिन्यात ते पुन्हा कापले गेले, आणि तुम्ही काढलेलं तक्रारीचं तिकीट 'निराकरण झाले' म्हणून आपोआप बंद झालं. खाली आलेल्या उत्तरांचा सूर एकच आहे: एजन्सी चोर आहे, हाकला तिला. पेरोलच्या, म्हणजे पगार काढायच्या, टेबलावर बसणाऱ्या माणसाचं डोकं नेमकं अशा वेळी सणकतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी ते दोन दिवस घेऊ. पगार महिना ३०,००० धरा, महिना ३१ दिवसांचा. दिवसाचा दर काढताना कॅलेंडरच्या ३१ ने भागलं तर दोन दिवसांचे १,९३५ कापले जातात. सरसकट ३० ने भागलं तर २,०००. कामाचे २६ दिवस धरले तर २,३०८. यातली कोणती पद्धत वापरायची हे कंपनीने एकदा ठरवून एजन्सीला लेखी द्यायचं असतं. ते दिलेलं नसेल तर सॉफ्टवेअर आपलं डीफॉल्ट धरतं, आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता रजा मंजूर झाली, पण इनपुटच्या कट-ऑफनंतर, म्हणजे त्या महिन्याची माहिती एजन्सीला द्यायची शेवटची तारीख उलटल्यावर. म्हणजे त्या महिन्यात कपात होणार आणि पुढच्या महिन्यात परतावा येणार. परतावा मागच्या महिन्याच्याच भाजकाने निघायला हवा. पण फाईलमधली ओळ 'मागच्या महिन्याची दुरुस्ती' अशी न येता 'चालू महिन्याचे जादा दिवस' अशी आली, आणि चालू महिना फेब्रुवारी असला, तर भागाकार २८ ने होतो आणि १,९३५ च्या जागी २,१४३ परत येतात. हे २०८ जादा मिळाल्याची तक्रार कुणी करत नाही. कपात फेब्रुवारीत आणि परतावा मार्चमध्ये असला की तेच २०८ कमी येतात, मग मात्र तिकिटं पडतात. मध्ये पगारवाढ झालेली असली तर परतावा नव्या दराने येतो, ही आणखी एक भानगड.

तुमच्या बाबतीत मला खरा संशय दुहेरी परताव्याचा आहे. होतं असं. साहेबांनी रजा मंजूर केली की हजेरीची सिस्टीम मागच्या महिन्याची दुरुस्ती आपणहून पेरोलच्या फाईलमध्ये सोडते. एचआरमधल्या माणसाला हे माहीत नसतं, किंवा माहीत असून सिस्टीमवर भरवसा नसतो. मागे तुम्ही तगादा लावलेला असतोच. मग तो एक्सेलच्या 'इतर देणी' रकान्यात हाताने २,००० टाकून मोकळा होतो. पेरोलच्या दृष्टीने पहिली नोंद दिवसांची आणि दुसरी रकमेची. प्रत्येक प्रकारच्या रकमेला वेगळा कोड असतो, आणि दुबार नोंद पकडणारी तपासणी एकाच कोडच्या दोन ओळी शोधते. इथे कोड दोन, म्हणून ती गप्प बसते. दोन्ही पैसे जमा होतात. तिसऱ्या महिन्यात जुळवणी करताना कुणाच्या तरी डोळ्यांवर ते येतं आणि वसुली लागते. तुम्हाला दिसते ती फक्त वसुली.

तेव्हा आधी परतावा आलेल्या महिन्याची स्लिप काढा. परताव्याच्या दोन ओळी दिसल्या तर नंतरची कपात बरोबर आहे, तुम्हाला पैसे दोनदा मिळाले होते. एकच ओळ असेल तर वसुली चुकीची, आणि तुमची तक्रार शंभर टक्के खरी. दोन ओळी असतील तरी एक गोष्ट तपासायचीच. वसुली कमाईच्या बाजूला वजा रक्कम म्हणून लावली आहे, की कपातीच्या बाजूला? कपातीच्या बाजूला लावली असेल तर हातात येणारी रक्कम जुळते, पण वर्षाचं एकूण उत्पन्न कागदावर फुगलेलंच राहतं आणि त्या फुगवट्यावर कर कापला जातो. हातात येणाऱ्या आकड्यावरच सगळ्यांची नजर असते, त्यामुळे हे वर्षअखेरीपर्यंत कुणी बघत नाही.

आता एजन्सीचा दोष किती? या उदाहरणात थोडाच. मी गेली कित्येक वर्षं एकच वाद घालतोय. 'व्हेंडरने बघायला हवं होतं' म्हणणाऱ्यांनी एक सांगावं, व्हेंडरला, म्हणजे एजन्सीला, कसं कळणार की ते हाताने टाकलेले २,००० कशाचे आहेत? रकान्याला नाव 'इतर'. शेरा कोरा. फाईल आलेली कट-ऑफच्या दिवशी संध्याकाळी, तिसऱ्या सुधारित आवृत्तीत, 'फायनल_फायनल२' अशा नावाने. एजन्सीत एक माणूस दहा-बारा कंपन्यांचे पगार ओढत असतो आणि सगळ्यांच्या तारखा त्याच आठवड्यात असतात. तो फाईल चढवतो, एरर आली नाही की पुढे जातो.

याच एक्सेलने जेवढे पगार बिघडवलेत तेवढे कुठल्याच सॉफ्टवेअरने बिघडवले नसतील. कर्मचारी क्रमांक ००४१७ असतो, सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची, फाईल एक्सेलमध्ये एकदा उघडून सेव्ह केली की तो ४१७ होतो, कर्मचाऱ्यांच्या मूळ यादीशी जुळत नाही आणि माणूस गळतो. बँक खातं १६ आकडी असेल तर एक्सेल १५ आकडेच धरून ठेवतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य बसतं. दोन्हींवर उपाय एकच आहे, आकडे भरण्याआधी किंवा फाईल आत घेतानाच रकाना टेक्स्ट म्हणून ठेवायचा. तो उपाय सगळ्यांना माहीत असतो. तरी दर महिन्याला कुणीतरी फाईल 'नुसती बघायला' उघडतंच.

आणि मंजुरी! पैसे बँकेत जाण्याआधी एजन्सी पगाराचं रजिस्टर कंपनीकडे पाठवते, कंपनीने तपासून होकार द्यायचा असतो. सात-आठशे ओळींच्या रजिस्टरला वीस मिनिटांत 'अप्रूव्ह्ड, प्लीज प्रोसीड' असं उत्तर येतं. फाईल उघडलीच नव्हती, दुसरं काय. सगळ्या ओळी वाचायची गरजही नसते. मागच्या महिन्याची माणसं, अधिक नवे, वजा सोडून गेलेले, ही बेरीज या महिन्याच्या संख्येशी जुळते का ते बघा. निव्वळ पगार शून्य किंवा उणे कुणाचा आला आहे? एकच बँक खातं दोन नावांपुढे आहे का? मागच्या महिन्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक ज्यांच्यात आहे तेवढी नावं गाळून काढा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा: पगारवाढ, ओव्हरटाइम, बिनपगारी. कारण सापडलं नाही ती ओळ थांबवा. नव्या माणसाचा पहिला पगार आणि सोडून गेलेल्याचा शेवटचा मात्र हाताने मोजा, तिथे भागाकाराचे सगळे प्रकार एकदम भेटतात. तासाभराचं काम आहे. तुमचे ते दोनदा आलेले २,००० या दहा टक्क्यांच्या गाळणीत सापडले असते, कारण त्याआधीच्या महिन्यात पगार कापलेला होता आणि या महिन्यात वाढलेला. उडी २१ टक्क्यांच्या आसपास जाते.

काम बाहेर दिलं म्हणजे तपासणीही बाहेर गेली, असं धरून ज्या कंपन्या स्वतःचा पेरोलचा जाणकार माणूस काढून टाकतात त्यांना माझी अजिबात सहानुभूती नाही. याचा सगळ्यात मोठा सरकारी नमुना कॅनडाचा. तिथे फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारची फीनिक्स नावाची पगार यंत्रणा सुरू झाली, आयबीएमच्या मदतीने उभारलेली. त्याआधीच ४६ खात्यांमधली सुमारे १,२०० पगार सल्लागारांची पदं कमी करून काम मिरामिशी शहरातल्या एका केंद्रातल्या साधारण ५५० जणांवर सोपवलं होतं. लाखो कर्मचाऱ्यांपैकी कुणाला कमी, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही असे पगार गेले. तिथल्या महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात आहे की वेळ आणि खर्च आवाक्यात ठेवायला यंत्रणेच्या ९८४ पैकी शंभराहून जास्त सोयी वगळल्या किंवा पुढे ढकलल्या होत्या. त्यातली एक कोणती? मागच्या तारखेपासूनचा फरक काढण्याची. तुमच्या दोन दिवसांची जातकुळी तीच.

एवढं बोलून झाल्यावर दुसरी बाजू सांगतो, नाहीतर मी एजन्सीचा वकील वाटेन.

करारात एजन्सी ९९.५ टक्के अचूकतेचं वचन देते आणि व्यवस्थापन खूश होतं. २,००० माणसांच्या कंपनीत याचा अर्थ दर महिन्याला दहा जणांचा पगार चुकला तरी करार मोडत नाही. शिवाय 'ग्राहकाच्या इनपुटमुळे झालेली चूक' या मोजणीतून वगळलेली असते, आणि ती कुणामुळे झाली हे बहुतेक वेळा एजन्सीच ठरवते. तिकिटाचंही तसंच. घड्याळ पहिल्या उत्तरापर्यंतचं मोजलं जातं, पैसे मिळेपर्यंतचं नाही. म्हणून चोवीस तासांत 'आपला प्रश्न नोंदवला आहे' असं गोड उत्तर येतं आणि तिकीट हिरवं होतं. तुमचं बंद झालं ते बहुधा यातच. करार नव्याने होत असेल तर चुकीच्या स्लिपांची मोजणी टक्क्यांऐवजी नगांत मागा. दुरुस्तीची वेळ पैसे खात्यात पडेपर्यंत मोजा. प्रत्येक चुकीमागे एका ओळीत मूळ कारण लिहून मागा.

काही एजन्सी खरोखरच सोडण्यासारख्या असतात. रजिस्टर पैसे गेल्यानंतर येतं, संपर्काचा माणूस दर तीन महिन्यांनी बदलतो, तीच चूक त्याच कोडवर तिसऱ्यांदा होते, कर आणि निधीच्या भरण्याच्या पावत्या मागितल्या की 'पाठवतो' म्हणतात आणि पाठवत नाहीत. शेवटचं लक्षण सर्वात वाईट. पगाराचे पैसे एजन्सीच्या खात्यातून फिरत असतील तर विशेषच. अमेरिकेत सप्टेंबर २०१९ मध्ये मायपेरोलएचआर ही कंपनी एका रात्रीत बंद पडली. ग्राहक कंपन्यांनी दिलेले पगाराचे सुमारे २.६ कोटी डॉलर भलत्याच खात्यात वळवले गेले होते. पैसे वाटणाऱ्या मधल्या संस्थेने ते कर्मचाऱ्यांच्या खात्यांतून परत ओढले, काहींच्या खात्यांतून दोनदा. मालकाने पैसे दिले होते, कर्मचाऱ्याने काम केलं होतं, तरी खातं उण्यात. जमेल तिथे पगार कंपनीच्या स्वतःच्या खात्यातून जावा, एजन्सीने फक्त बँकेची फाईल तयार करावी.

एजन्सी चांगली असली तरी तिची यंत्रणा एखाद्या महिन्यात कोलमडेल हे धरून चला. ११ डिसेंबर २०२१ रोजी हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या क्रोनॉसच्या क्लाउडवर खंडणीखोर हल्ला झाला आणि कित्येक आठवडे हजेरीचा डेटा मिळेना. अनेक मालकांनी मागच्या पगाराची कॉपी करून पैसे दिले. तसं देणं बरोबरच होतं, पण ओव्हरटाइमचा आणि रजांचा हिशेब नंतर जुळवताना सगळे मेटाकुटीला आले. त्यामुळे शेवटचं मंजूर रजिस्टर आणि बँक फाईल दर महिन्याला कंपनीच्या स्वतःच्या ताब्यात उतरवून ठेवलेली हवी.

आता बदलायचं का? तुम्ही कर्मचारी आहात, तो निर्णय तुमचा नाही. तुमचा करार कंपनीशी आहे, एजन्सीशी नाही, आणि पगार पूर्ण मिळतो की नाही याची जबाबदारी जवळपास सगळीकडे मालकाचीच असते. म्हणून तक्रारीच्या ईमेलवर एचआर कायम सीसीमध्ये ठेवा. कंपनीला बदलायचंच असेल तर वर्षाच्या मध्यात नको. वर्षभरातली कमाई, कापलेला कर, कर्जाचे उरलेले हप्ते, रजांची शिल्लक आणि अर्धवट राहिलेले फरक हे सगळं नव्या सिस्टीममध्ये न्यावं लागतं, आणि यातली शेवटची गोष्ट हमखास राहते. निदान दोन महिने जुनी आणि नवी दोन्हीकडे पगार काढून एकेक ओळ ताडून बघावी लागते. पंधरा-वीस माणसांच्या कंपनीला हा सगळा पसारा झेपत नाही हे मान्य. तिथे कुणीतरी एकाने प्रत्येक स्लिप डोळ्यांखालून घालणं पुरतं.

तुमची तक्रार मात्र अशी लिहा: महिना, स्लिपवरच्या ओळीचं नाव, किती आले, किती यायला हवे होते, फरक, आणि तो कोणत्या भागाकाराने काढला. सोबत दोन्ही महिन्यांच्या स्लिपा आणि रजा मंजुरीची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट. एका तिकिटात एकच मुद्दा. 'पगार कमी आला' एवढंच लिहिलं तर ते पहिल्या पायरीवरच्या माणसाकडे जातं, आणि त्याच्याकडे तयार उत्तरांशिवाय काही नसतं. बंद झालेलं तिकीट त्याच क्रमांकावर पुन्हा उघडा, नवं काढू नका. नवं काढलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि जुनं त्यांच्या हिशेबात वेळेत सोडवलेलं राहतं.