ताई कानाला हात का लावतात?

प्रिय मनू,

रविवारी गाण्याचा ऑनलाइन क्लास संपला आणि तू विचारलंस की आई, क्लासच्या ताई मोगुबाईंचं नाव घेताना दरवेळी कानाची पाळी का धरतात, त्यांच्या हातून काही चुकलंय का? आणि मग मलाही तसं करायला लागणार का? तेव्हा जेवायची घाई होती म्हणून मी म्हटलं, "गुरूंचा आदर असतो गं तो." पण एवढ्याने तुझं समाधान झालं नाही हे तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून नीट लिहितेय. मराठी वाचायला तुला वेळ लागेल, लागू दे, एका दिवसात संपवायचं नाहीये.

आधी साधं उत्तर. आपल्याकडे गाणारी माणसं गुरूचं किंवा एखाद्या फार मोठ्या गायकाचं नाव उच्चारताना कानाच्या पाळीला बोटं लावतात. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचं नाव मी तोंडाने घेतेय, लहान तोंडी मोठा घास होतोय, माफी असावी. हिंदू गायक करतात, मुसलमान गायकही करतात, सगळ्या घराण्यांत, म्हणजे गाण्याच्या वेगवेगळ्या परंपरांत, चालतं. तुझ्या ताई ज्यांच्याकडे शिकल्या त्या मोगुबाईंच्या शिष्या, म्हणजे मोगुबाई तुझ्या ताईंच्या गुरूंच्या गुरू, सगळे त्यांना माई म्हणायचे. पण मला वाटतं हे नुसती रीत म्हणून सांगितलं तर तुला ते खोटं खोटं वाटेल. माईंचं आयुष्य कसं गेलं ते कळलं की मग तो हात आपोआप का जातो ते कळतं, निदान मला तरी तसंच कळलं.

मोगुबाई कुर्डीकर. जन्म 15 जुलै 1904, गाव कुर्डी, गोव्यातला सांगे तालुका. (हे गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मे महिन्यात देवळं, जोती वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. आपण नेहमी डिसेंबरमध्ये जातो त्यामुळे दिसायचं नाही.) त्या काळात गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. देवळांशी बांधलेली काही कुटुंबं होती, त्यातल्या बायकांनी देवापुढे गायचं नाचायचं, त्यांची लग्नं व्हायची नाहीत, आणि समाज त्यांचं गाणं आवडीने ऐकायचा पण त्यांना आपल्या बरोबरीने बसवायचा नाही. ही गोष्ट तुला ऐकायला त्रास होईल, व्हायलाच पाहिजे, मलाही होतो. मोगुबाई या समाजातल्या, गायिका केसरबाई केरकर याच समाजातल्या, मंगेशीचं मंगेशकरांचं घराणंही तिथलंच. आज आपण ज्याला मोठ्या अभिमानाने आपलं गाणं म्हणतो त्यातलं केवढंतरी या बायकांनी सांभाळलंय आणि त्यांना त्याबद्दल मान मिळायला फार फार उशीर झाला.

मोगूची आई जयश्रीबाई स्वतः गायच्या. मुलीने मोठी गायिका व्हावं हा त्यांचा ध्यास. मोगू साधारण तुझ्या धाकट्या भावाएवढी असताना त्यांनी तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत, म्हणजे फिरत्या नाटक कंपनीत घातलं, गाणं शिकायला मिळेल म्हणून. आणि थोड्याच दिवसांत, 1914च्या सुमारास, आई गेली. दहा वर्षांची मुलगी, आई नाही, आज या गावात तर उद्या त्या. पुढे ती सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेली, तिथे सगळ्या भूमिका बायकाच करायच्या, तिथे ती नाटकातली पदं गाऊन लोकांना आवडायला लागली. मग तेही सुटलं.

1919 मध्ये तब्येत बिघडली म्हणून ती सांगलीला आली आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. सांगलीत ती इनायतखाँ पठाण यांच्याकडे शिकत होती, तेही शिकणं मध्येच थांबलं. आता गुरू नाही, तरी ती शिकलेल्याच चिजा, म्हणजे बंदिशी, रागात बांधलेली गाणी, घेऊन घरात एकटी रियाज करत बसायची. त्याच वेळी उस्ताद अल्लादियाखाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे दरबारी गवई, जयपूर-अत्रौली घराणं ज्यांनी उभं केलं ते. रोज त्या रस्त्याने जाताना त्यांच्या कानावर हा आवाज पडायचा, आणि एक दिवस ते सरळ घरात आले आणि म्हणाले मी शिकवतो. हे कोण गृहस्थ आहेत ते तिला सुरुवातीला माहीतही नव्हतं असं सांगतात! केवढ्या मोठ्या माणसाकडे आपण शिकतोय हे नंतर कळलं.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण दीडेक वर्षात खाँसाहेब मुंबईला गेले. मोगुबाई अठरा वर्षांच्या, हाताशी पैसा नाही, घरचं कोणी नाही, तरी 1922च्या सुमारास त्यांच्यामागे मुंबईला आल्या. आणि तिथे कळलं की आता खाँसाहेब शिकवू शकत नाहीत, कारण ते ज्यांना शिकवत होते त्यांच्या बाजूने अट होती की दुसऱ्या कुणाला ही विद्या द्यायची नाही. त्या म्हणजे केसरबाई केरकर, तुमच्या सायन्सच्या पुस्तकातल्या व्हॉयेजर यानावर 1977 मध्ये ज्यांची भैरवी पाठवली त्याच. केसरबाईंचा राग करू नकोस हं, त्यांनाही गुरू मिळवताना असंच झगडावं लागलं होतं. तेव्हा विद्या म्हणजे घराण्याची ठेव होती, सहज कोणी देत नसे.

मधली काही वर्षं मोगुबाई आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या. मग खाँसाहेबांनी आपले धाकटे भाऊ हैदरखाँ यांना त्यांना शिकवायला सांगितलं. ते शिक्षण छान चाललं होतं, तेही पुन्हा तुटलं. शेवटी खाँसाहेबांनी स्वतः गंडा बांधला, म्हणजे मनगटाला धागा बांधून रीतसर शिष्या केलं, आणि 1946 मध्ये ते जाईपर्यंत त्या शिकत राहिल्या. सांगलीच्या त्या पहिल्या दिवसापासून मोजलंस तर किती वर्षं होतात बघ. यूट्यूबवर आज आपल्याला हवा तो राग शोधला की मिळतो, छानच आहे, मला पण आवडतं. पण माईंना एकेका बंदिशीसाठी काय काय करावं लागलं असेल ते मनात आण.

आणि या मधल्या काळात घरही होतं. लग्न झालं, तीन मुलं झाली, आणि मुलं लहान असतानाच नवरा गेला. थोरली मुलगी म्हणजे गायिका किशोरीताई आमोणकर, तेव्हा सहा-सात वर्षांच्या असतील. एकटी बाई, मुंबई, तीन मुलं, आणि मिळकत फक्त गाण्याची. त्या शिकवण्या करायच्या, मैफली करायच्या, आणि रियाज सोडला नाही.

त्यांचं गाणं कसं होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे, तरी प्रयत्न करते कारण तू आता तीनतालाच्या सोळा मात्रा मोजायला शिकलीयस. जयपूर घराण्यात विलंबित, म्हणजे संथ, तीनतालात आकाराने, म्हणजे नुसतं "आ" म्हणत, राग पुढे पुढे नेतात, आणि स्वर तालाला सोडून कुठेच भटकत नाही, प्रत्येक मात्रेचेही आत बारीक भाग असतात आणि गाणं त्या भागांना धरून चालतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना उडी मारून गाठायचं नाही, लांबून तिची वाट दिसली पाहिजे. माईंची यावर जी पकड होती तिच्याबद्दल जाणकार आजही बोलतात. ताई तुला बोटांवर मात्रा मोजायला लावतात आणि तू कंटाळतेस ना, ते तिथून आलेलं आहे. जोडराग आणि अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग ही तर या घराण्याची खास गोष्ट, भूप आणि नट एकत्र करून भूपनट, तसाच बसंती केदार, म्हणजे दोन रागांचे सांधे दिसू न देता गायचं. यात शब्दांचे नखरे नाहीत, लोकांना खूश करायला घेतलेल्या गळ्याच्या हरकती नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना तुला कदाचित कोरडं वाटेल. पुन्हा ऐक.

आता तुझी दुसरी तक्रार, ताई पहिल्यांदा चीज सांगताना रेकॉर्ड का करू देत नाहीत. किशोरीताई सांगायच्या की माई स्थायी-अंतरा, म्हणजे चिजेचे दोन भाग, दोनदाच म्हणून दाखवायच्या, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात जे धरता येईल ते धरायचं. स्वतःच्या मुलीलासुद्धा! म्हणून मग मुलगी कान असा काही तयार ठेवायची की त्यातला एक बारीकसा कणसुद्धा सुटू नये. मला स्वतःला वाटतं की तू इतक्या लांब राहून आठवड्यातून एकदाच शिकतेस तर नंतर रेकॉर्डिंग मिळायला हवं, आणि ते ताई देतातच. पण ते पहिलं दोनदा ऐकणं मात्र फोन बाजूला ठेवूनच व्हायला हवं, इथे मी पूर्ण ताईंच्या बाजूची आहे.

किशोरीताई आईबरोबर मैफलींना तंबोऱ्यावर साथीला जायच्या आणि त्या वयात त्यांनी जे पाहिलं ते त्या जन्मभर विसरल्या नाहीत. थर्ड क्लासचा प्रवास, कुणाच्या तरी घरी कशीतरी केलेली सोय, बाई कलाकार म्हणून मिळणारी वागणूक. पुढे त्या स्वतः मोठ्या झाल्यावर आयोजकांशी कडक वागायच्या, पहिल्या वर्गाचा प्रवास मागायच्या, श्रोते बोलायला लागले तर चिडायच्या, आणि लोक त्यांना गर्विष्ठ म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. आईला जे मिळालं नाही ते त्या मागत होत्या, आणि त्यामुळे त्यांच्या नंतर आलेल्या कितीतरी बायकांना ते न मागता मिळालं.

आणि माई स्वतः कडक किती! 1964 मध्ये किशोरीताई एका हिंदी सिनेमात गायल्या तेव्हा माईंनी सांगितलं की सिनेमात गायचं असेल तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही. मला हे जरा जास्त वाटतं, सिनेमाच्या गाण्यांतही फार सुंदर गाणी आहेत आणि आपल्या घरात ती रोज वाजतात. पण त्या तंबोऱ्यांसाठी त्यांनी काय दिलं होतं ते आता तू वाचलंयस.

मानसन्मान मिळाले, 1968 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1974 मध्ये पद्मभूषण. 10 फेब्रुवारी 2001ला त्या गेल्या, वय 96. पद्मा तळवलकर, कमल तांबे, बबनराव हळदणकर असे कितीतरी जण त्यांच्याकडे शिकले, आणि ज्या विद्येसाठी आपल्याला दारोदार जावं लागलं ती त्यांनी मनापासून दिली. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त हेच वाटतं मनू. इतकं सोसून मिळवलेलं माणूस घट्ट मुठीत धरून बसलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती.

तर ताईंचा हात कानाला जातो तो या सगळ्यासाठी. हे सगळं गाणं लिहून नाही आलं, कानातून कानात आलं, खाँसाहेबांकडून माईंकडे, माईंकडून ताईंच्या गुरूंकडे, आणि आता रविवारी सकाळी इंटरनेटवरून तुझ्याकडे.

तू कान धरायचा की नाही हे मी सांगणार नाही, आणि ताईसुद्धा तुला कधी सांगणार नाहीत. मनात काही नसताना नुसता हात नेऊ नकोस एवढंच. ताईंना मात्र एकदा विचार की त्यांच्या गुरू माईंबद्दल काय काय सांगायच्या, त्यांना विचारलेलं खूप आवडेल आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांच्याकडे आहे. शनिवारी बाबा उशिरा येणार आहे, तेव्हा आपण दोघी आधी माईंचं आणि मग किशोरीताईंचं एकेक रेकॉर्डिंग लावू, आणि तू मात्रा मोज, सम कुठे येते ते मला दाखव.

तुझी
आई