कागदावर नाव नाही, मग हक्क कोणाचा?

प्रश्न : पाडव्याला नवऱ्याचं साल, म्हणजे वर्षभराची शेतमजुरी, ठरलं तेव्हा मालकानं त्याला सांगितलं, पैशांशिवाय दोन क्विंटल ज्वारी तुझ्या बायकोच्या हाती देईन. पैसे मिळाले, ज्वारी नाही. मी दावा करू शकते का? (मोर्शी तालुका)

उत्तर : ताई, हा करार मालक आणि तुमचे यजमान यांच्यातला. 1872 च्या करार कायद्यात मोबदला दुसऱ्यानं दिला तरी चालतो, पण शब्द तुम्हाला दिलेला हवा. तुमच्या भल्यासाठी दुसऱ्याला दिलेल्या शब्दावर सहसा तुम्हाला दावा करता येत नाही. तो यजमानांनी करायचा. मात्र गोठ्याचं शेण, सारवण कोण करतं? बहुतेक सालांत ते सालदाराच्या बायकोकडेच असतं, आणि हिशेबात कुणी धरत नाही. त्या कामापोटी ज्वारी तुमच्याशी बोलून ठरली असेल, तर तुम्ही तिऱ्हाईत नाहीच. तोंडी करारही करारच असतो. बोलणी ऐकणारा साक्षीदार शोधा.

प्रश्न : जिनिंगमध्ये कंत्राटदारानं आमची दोन महिन्यांची मजुरी बुडवली. जिनिंगमालक म्हणतो, माझा करार त्याच्याशी, तुमच्याशी नाही. (हिंगणघाट तालुका)

उत्तर : करारापुरतं तो खरं बोलतो, पण मजुरी नुसत्या करारावर उभी नाही. वेतन संहिता, 2019 नुसार कंत्राटदारानं दिली नाही तर आस्थापनेच्या मालकाला द्यावी लागते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातही हेच होतं. हजेरीचे फोटो, गेटपास, हिशेबाची वही घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्या. दहा जणांनी मिळून दिला तर बरं.

प्रश्न : तोच मालक म्हणतो, कंत्राटदाराच्या कागदात पुढच्या हंगामात दुसऱ्या जिनिंगला जायचं नाही असं आहे, गेलात तर कोर्टात खेचतो.

उत्तर : त्या कागदावर जिनिंगमालकाची सही आहे का? नसेल तर तो तिऱ्हाईत. असली तरी काम सुटल्यावरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम 27 खाली रद्दबातल. इंग्लंडनं 1999 मध्ये तिऱ्हाइतालाही कराराचा लाभ मागायची मुभा दिली, पण नोकरीच्या करारातली अट नोकरावर लादायची मुभा तिथंही नाही. बिनधास्त जा.

प्रश्न : भाऊ उचल घेऊन निघून गेला. मालक म्हणतो, त्याच्या जागी तू राब. (घाटंजी तालुका)

उत्तर : भावाच्या करारानं तुम्ही बांधले जात नाही. उचलीपायी घरातल्या माणसाला जबरीनं राबवणं ही 1976 च्या कायद्यानं बंद केलेली वेठबिगारी आहे, गुन्हा आहे. तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.