शाळेत मुलांना सोशल मीडिया आणि फोनच्या चांगल्या सवयी कशा लावाव्यात?

तुम्ही लिहिलंय की शाळेने सायबर सुरक्षेवर एक व्याख्यान ठेवलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं जैसे थे. आता आठवी-नववीसाठी वर्षभर काय करावं, की सरळ फोनबंदी करून मोकळं व्हावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी याच वयाच्या मुलांना शिकवते, तेव्हा वर्गात काय चालतं ते सांगते.

आधी बंदीचं बघू. तास चालू असताना फोन नको, यात मला तरी वाद दिसत नाही. फ्रान्सने २०१८ साली साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शाळेत फोनबंदीचा कायदाच केला. पण बंदीकडून शांत वर्गापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या ३० शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कडक नियमांच्या आणि सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. फोनवर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांची झोप आणि अभ्यास मात्र खालावलेला दिसला. म्हणजे प्रश्न शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतच्या वेळेचा आहे, आणि त्या वेळी आपण तिथे नसतो. जे शिकवायचं ते आपल्या नजरेआड टिकायला हवं.

व्याख्यानाचं काय झालं याचं मला नवल वाटत नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस शाळेत येऊन मुलांना अमली पदार्थांपासून सावध करायचे. पालक खूश, शाळा खूश. पुढे संशोधकांनी तपासलं तेव्हा मुलांच्या वागण्यावर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. फोनबद्दलची आपली बहुतेक व्याख्यानं त्याच वळणाची असतात: भीतीदायक चार गोष्टी, शेवटी ‘मर्यादित वापर करा’. मर्यादित म्हणजे किती आणि ते जमवायचं कसं, हे कोणी सांगत नाही.

माझ्या अनुभवात मुलं खरी जागी होतात ती ॲपचं यंत्र आतून उघडून, म्हणजे ते आपल्याला कसं गुंतवतं हे दाखवलं की. मी सुरुवात एका प्रश्नाने करते: पुस्तकाला शेवटचं पान असतं, मग रील्सना का नाही? पाच मिनिटं गोंधळ चालतो. मग सांगते की खाली सरकवत राहिलं की संपूच नये, ही रचना आझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये केली, आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. फेसबुकचं लाइकचं बटण २००९ चं. त्याआधीही लोक फोटो टाकतच होते, फक्त आकडा मोजत बसायची सोय नव्हती. मग स्किनर या मानसशास्त्रज्ञाची कबुतरं येतात. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल आणि कधी नाही याचा नेम नसला, की कबुतर थांबायलाच तयार नसतं. दर वेळी फीड खाली ओढून ताजं करताना आपण नेमकं काय करतो, हे मला सांगावं लागत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी सांगतंच.

पुढचं काम मुलांचं. प्रत्येकाने आपलं एक ॲप घ्यायचं आणि ते आपल्याला धरून ठेवायला काय काय करतं, ते वहीत लिहायचं. आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, लाल ठिपका, ‘अमक्याने बऱ्याच दिवसांनी पोस्ट केलं’ असली नोटिफिकेशन, समोरच्याने मेसेज वाचल्याची खूण. स्ट्रीकवर, म्हणजे सलग किती दिवस न चुकता एकमेकांना काही पाठवलं या आकड्यावर, तर अख्खा तास जातो. स्ट्रीक तुटली तर कोणाचं काय जातं, हे मुलींच्या एका गटाने इतकं बारकाईने लिहिलं होतं की मला पुढे बोलायला काही उरलंच नाही. या वयाच्या मुलांना ‘तू चुकतोयस’ म्हटलं की ती कान बंद करतात. ‘तुला कोणीतरी गंडवतंय’ म्हटलं की तीच मुलं चवताळून उठतात. त्या चवताळण्याचा उपयोग करून घ्या.

मग मोजणी. फोनमध्ये स्क्रीन टाइम असतोच, पण तो बघण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा. नंतर घरी बघायचं आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे. ते वर्गात कोणी वाचून दाखवायचे नाहीत, ही अट पाळा. नाहीतर सगळ्यात कमी कोणाचा आणि सगळ्यात जास्त कोणाचा, अशी शर्यत लागते आणि मुलं आकडे रचून लिहितात. तासांपेक्षा मला दिवसात फोन किती वेळा उचलला ही संख्या बोलकी वाटते. दोन तास सलग चित्रकला शिकणारी मुलगी आणि दोन तासांत शंभरदा फोन बघणारी मुलगी यांचा स्क्रीन टाइम सारखाच दिसतो.

त्यानंतर एक आठवडा, एकच बदल, आणि तोही सेटिंगमधला. ‘कमी वापरेन’ हा निश्चय संध्याकाळपर्यंत टिकत नाही. सेटिंग बदललेलं राहतं. कोणी माणसांचे मेसेज सोडून बाकी सगळी नोटिफिकेशन बंद करतं, कोणी ऑटोप्ले, कोणी पडदाच कृष्णधवल करतं. काहींना फरक पडतो, काहींना शून्य. शून्य आलं तरी ते लिहायचं. अभ्यासाच्या वेळी फोन नुसता उलटा ठेवून भागतं की दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो, हेही ज्याने त्याने करून बघावं. २०१७ मधल्या एका प्रयोगात फोन दुसऱ्या खोलीत असलेल्यांनी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चाचण्या चांगल्या सोडवल्या. नंतर इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल संमिश्र आले, म्हणून मी तो सिद्धान्त म्हणून सांगत नाही, स्वतःवर करून बघायचा प्रयोग म्हणून देते.

एकच सवय लावता येणार असेल तर कोणती, असं विचाराल तर रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावणं. ‘गजर लावायचा असतो’ ही सबब हमखास येते. साधं गजराचं घड्याळ घ्या.

आकडे वापरताना मात्र जपून. सोशल मीडियाने एक पिढी उद्ध्वस्त झाली, असं सांगायचा मोह होतो. ऑर्बेन आणि प्रशिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये मोठ्या सर्वेक्षणांतली माहिती तपासली, तेव्हा किशोरांच्या स्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्क्याचा संबंध डिजिटल वापराशी जोडता आला. ही सरासरी आहे. एखाद्या मुलाला होणारा त्रास फार मोठा असू शकतो. पण भीतीची अतिशयोक्ती एकदा पकडली गेली की मुलं तुमचं खरं बोलणंही ऐकत नाहीत. वयाचंही तसंच. सोशल मीडियावर खातं उघडायला असलेली तेरा वर्षांची अट बालमानसशास्त्रातून आली असेल असं बऱ्याच पालकांना वाटतं. ती आली अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून, आणि तो कायदा तेराखालच्या मुलांची माहिती गोळा करण्याबद्दल आहे. तेरावा वाढदिवस झाला म्हणजे मूल तयार झालं, असं त्यात कुठेही नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून ही मर्यादा सोळावर नेली. नववीत यावर वादविवाद ठेवा, छान रंगतो.

खोट्या बातम्यांसाठी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेली एक पद्धत मी शिकवते. त्यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि रुबाबदार लोगोला फसले. फॅक्ट-चेकर लगेच तिथून बाहेर पडून दुसऱ्या टॅबमध्ये ‘हे लोक कोण?’ ते शोधायला लागले. बाहेर पडून शोधण्याची ही सवय दहा मिनिटांच्या सरावांतून लागते. एआयने दिलेल्या उत्तरांनाही हाच नियम.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा ते. ग्रुपवर टिंगल, फोटो फिरवणं, अनोळखी माणसाची धमकी. मुलं हे घरी का सांगत नाहीत? धमकी देणाऱ्याची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती फोन काढून घेतला जाईल याची असते. म्हणून पालकसभेत मी पालकांकडून एकच गोष्ट मागते: मूल स्वतःहून सांगायला आलं तर त्या दिवशी फोन जप्त करायचा नाही. काही पालक यावर वाद घालतात. घालू द्या, पण मागणं सोडू नका.

मुलांना क्रम पाठ हवा: उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचा, ब्लॉक करायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. याला एक अपवाद आहे आणि तो शिक्षकांनाही माहीत नसतो. अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो असेल तर स्क्रीनशॉट नको, शिक्षकाला फॉरवर्डही नको. असा फोटो जवळ ठेवणं हाच अनेक देशांत गुन्हा आहे. कोणी पाठवला, कधी, कुठल्या खात्यावरून, एवढं लिहून ठेवायचं. फोटोवरून पैसे मागणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत. दिले की मागणी वाढते. घाबरून आपलं खातं किंवा चॅट डिलीटही करायचं नाही, कारण पुरावा तोच. १८ वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो अपलोड करावा लागत नाही. फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. हे नाव वर्गातल्या भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे कोणाला येऊन विचारायची वेळ येणार नाही.

आणि शाळेने स्वतःच्या ग्रुपकडे जरा बघावं. प्रार्थनेनंतर फोनच्या दुष्परिणामांवर बोलायचं आणि रात्री दहाला गृहपाठ ग्रुपवर टाकायचा, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. गृहपाठ फळ्यावर, वहीत उतरवायला वेळ देऊन. ग्रुपवर फक्त पालक, आणि संध्याकाळी सातनंतर काही नाही. मुख्याध्यापकांकडून एवढं आधी मंजूर करून घ्या, मग वर्गात यंत्र उघडायला बसा.